आळ्याचा रेडा आणि मामांची झडप

आमच्याकडे साखर म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक कारखान्याची. गाळपाच्या हंगामात रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरशिवाय दुसरं काही दिसत नाही, ती. दुसरी रक्तातली, जी हल्ली प्रत्येक घरात एकाला तरी 'निघालेली' असते. जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला तिसऱ्या साखरेबद्दल सहसा कुणी सांगत नाही. ही साखर जनावरांच्या पेशींच्या अंगावर असते आणि आपल्या पेशी ती बनवत नाहीत. एवढ्याशा फरकावरून आपलं कोण आणि परकं कोण, हा प्रश्न आमच्या घरात चांगलाच पेटला होता.

आधी साखरेबद्दल सांगते, मग घराबद्दल.

प्राण्यांच्या पेशी बाहेरून साखरेच्या साखळ्यांनी मढलेल्या असतात. या साखळ्यांच्या टोकाला बऱ्याचदा सियालिक आम्ल नावाची साखर बसलेली असते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, अगदी चिंपांझी, यांच्याकडे तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. माणसाचं शरीर त्यातला एकच बनवतं. दोन्हींत फरक किती? ऑक्सिजनच्या एका अणूचा. जी आपण बनवत नाही तिला शास्त्रज्ञ न्यू-फाइव्ह-जीसी म्हणतात. आपण तिला नुसतं 'जीसी' म्हणू.

जीसी आपल्याकडे नाही, कारण ती बनवणारं आपलं जनुक मोडलेलं आहे. जनुकातला ९२ अक्षरांचा एक तुकडा गळालाय. वेल्लोरला डॉक्टर होऊन पुढे कॅलिफोर्नियात संशोधन करणारे अजित वर्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे दाखवून दिलं. ही मोडतोड २० ते ३० लाख वर्षांपूर्वीची असावी, असा अंदाज आहे. ती आपल्या पथ्यावर पडली असावी, असंही एक मत आहे. चिंपांझीच्या मलेरियाचा परजीवी रक्तपेशीला चिकटायला जीसीवाली साखर पसंत करतो. ती गेली, तेव्हा आपल्या पूर्वजांची त्या आजारातून काही काळ तरी सुटका झाली असेल. नंतर माणसाच्या मलेरियाने आपल्याकडे उरलेल्या साखरेशी जुळवून घेतलं, तो भाग वेगळा.

म्हणजे आज जिला आपण परकी म्हणतो, ती एकेकाळी आपल्याच घरातली होती. घरातून हरवलेलं भांडं फार वर्षांनी शेजारच्या फडताळात दिसावं, आणि आपण म्हणावं, असलं भांडं आमच्याकडे कधी नव्हतंच.

गंमत पुढे आहे. मटण, बीफ, डुकराचं मांस यांतून जीसी आपल्या पोटात जाते. गाईच्या दुधातूनही जाते, प्रमाण कमी. कोंबडीत ती नसते, भाजीपाल्यात आणि डाळीत तर नसतेच. पोटात गेलेल्या जीसीचा थोडासा अंश आपल्या पेशी वापरून टाकतात. आपली वीट आणि शेजाऱ्याची वीट यांत एका अणूचा फरक, गवंड्याला तो कळत नाही. वर्की यांनी हे तपासण्यासाठी शुद्ध केलेली जीसी स्वतः पिऊन पाहिली होती. गवंड्याला फरक कळत नसला, तरी राखणदाराला कळतो. आपल्या सगळ्यांच्या रक्तात जीसीविरुद्धच्या अँटिबॉडीज असतात, कुणात कमी, कुणात जास्त.

हे वैर येतं कुठून? जन्मतः ते नसतं. २०१० मध्ये वर्कींच्या गटाने त्याचं एक उत्तर मांडलं. बाळाला वरचं खाणं सुरू झालं की त्यातली जीसी नाकाघशातला एक जंतू उचलतो आणि आपल्या अंगावर चढवतो. बाळाची प्रतिकारशक्ती त्या जंतूशी लढायला शिकते आणि जाता जाता जीसीलाही शत्रूच्या यादीत टाकते. साखरेने स्वतः काही केलेलं नसतं. ती पहिल्यांदा दिसली, तेव्हा चुकीच्या अंगावर होती, इतकंच.

०००

आता घर.

माझे थोरले मामा आंबेगाव तालुक्यात शेती करतात. वय ६६. गळ्यात तुळशीची माळ घालून त्यांना ४० वर्षं झाली. वारी चुकत नाही. मागच्या वर्षी चढ चढताना दम लागायला लागला, एकदा शेताच्या बांधावर चक्कर आली. टूडी इको झाला. हृदयातून महारोहिणीत रक्त सोडणारी झडप कॅल्शियम साचून दगडासारखी झाली होती. बोअरच्या पाण्याने हंड्याला आतून क्षार धरतात, तसं. छाती उघडून झडप बदलायची ठरलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले. एक धातूची झडप. ती वर्षानुवर्षं टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची आणि त्यासाठी रक्ताची तपासणी पुन्हा पुन्हा करायची. दुसरी 'टिश्यू व्हॉल्व्ह'. तिला ती जन्मभराची गोळी बहुतेकांना लागत नाही, पण ती दहा-पंधरा वर्षांत खराब होऊ शकते. या वयाला दुसरी बरी, असं डॉक्टरांचं मत पडलं. मामा रोज कोयता-विळा हातात घेणारे, रक्त पातळ करून त्यांनी शेतात वावरायचं म्हणजे धोकाच. सगळ्यांना पटलं.

टिश्यू म्हणजे काय, हे मामांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं, कापडासारखं काहीतरी असेल. मी मायक्रोबायोलॉजी शिकले, म्हणून मामेभावाने मला बाजूला घेऊन विचारलं. मी सांगितलं, "बैलाच्या किंवा गाईच्या हृदयाभोवतीचं आवरण असतं. काही झडपा डुकराच्या असतात. आपल्याला सांगितलीय ती पहिली."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादांना यातलं काही सांगायचं नाही."

०००

त्याचं म्हणणं मला मूर्खपणाचं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. ज्या माणसाच्या गोठ्यातल्या बैलाला पोळ्याला पुरणपोळीचा घास मिळतो, ज्याने आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही, त्याला सांगायचं की तुमच्या छातीत कापलेल्या जनावराचा तुकडा शिवणार आहेत? महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि इथे परदेशातल्या जनावराचं कातडं दवाखान्यात पैसे मोजून घ्यायचं? ते नाही म्हणाले आणि गोळ्यांच्या भानगडीत काही बरंवाईट झालं तर?

त्याचा दुसरा मुद्दा जास्त अवघड होता. तो म्हणाला, "माळेचा नियम खाण्याचा आहे. छातीत शिवण्याचा नाही. आणि औषधाच्या कॅप्सूल दादा घेतातच की. त्या तरी कशाच्या असतात?"

बरोबर होतं. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. त्याहून पुढचं मलाच ठाऊक होतं. हृदय थांबवून शस्त्रक्रिया करताना रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात आणि ते बहुतेक सगळं डुकराच्या आतड्यातून काढतात. म्हणजे धातूची झडप निवडली तरी ऑपरेशन टेबलावर मामांच्या रक्तात डुकराकडून आलेलं काहीतरी जाणारच होतं. सोवळं म्हणावं असा पर्याय त्या फॉर्मवर नव्हताच.

आणि दूध? मामांच्या सकाळच्या कपभर दुधातून थोडीशी जीसी ४० वर्षं त्यांच्या शरीरात जातच होती. माळ घालणाऱ्याच्या आणि यात्रेत मटण ओरपणाऱ्याच्या शरीरात फरक आहे तो प्रमाणाचा.

इथे एक घसरगुंडी आहे. शुद्ध कुणीच नाही, म्हणून शुद्धतेचा विचार करणारा माणूस भाबडा. आणि तो भाबडा, म्हणून त्याच्या वतीने आपण ठरवू. मला यातली शेवटची पायरी मान्य नाही. त्याला आधी न सांगता जिलेटिन दिलं, हे आता न सांगता झडप बसवण्याचं कारण कसं होईल? आधीची लपवाछपवी पुढच्या लपवाछपवीला परवाना देत नाही. शिवाय माळ ही काही रक्ततपासणी नाही. आत काय सापडतं, यावर ती ठरत नाही. काय करायचं आणि काय करायचं नाही, याबद्दल एका माणसाने स्वतःशी केलेला तो करार आहे. कराराचा अर्थ लावायचा हक्क करार करणाऱ्याचा. मुलाचा नाही, भाचीचा नाही, डॉक्टरांचा तर नाहीच.

०००

मी सांगितलं. ओसरीवर मामी बसलेल्या होत्या, मामेभाऊ रागावून गोठ्याकडे निघून गेला होता. मी काही झाकलं नाही आणि काही रंगवलंही नाही.

मामांनी दोनच प्रश्न विचारले.

पहिला, "पोरी, ते जनावर माझ्यासाठी कापलं का?"

मी म्हटलं, "मामा, ते मांसासाठी कापलेलं असतं. हे आवरण एरवी वायाच गेलं असतं. पण कंपनी त्याचे पैसे देते, म्हणून तुमचा काहीच संबंध नाही, असंही मी म्हणणार नाही."

दुसरा, "आणि माझं अंग ते ठेवून घेईल?"

हा प्रश्न विचारायला त्यांना विज्ञान शिकावं लागलं नव्हतं. ज्या प्रश्नाचा कित्येक प्रयोगशाळा पाठलाग करतायत, तोच हा प्रश्न.

१९६५ मध्ये पॅरिसमध्ये डुकराची झडप माणसाच्या हृदयात बसवली गेली. सुरुवातीच्या अशा झडपा लवकर निकामी व्हायच्या. मग अलां कार्पांतिए यांनी ग्लुटराल्डिहाइड नावाचं रसायन वापरायला सुरुवात केली. ते जनावराच्या ऊतीतली प्रथिनं एकमेकांना घट्ट बांधून टाकतं. चामडं कमावतात, त्याच जातीचं काम. शरीराला ती ऊती परकी वाटेनाशी होते, असं बरीच वर्षं मानलं गेलं. पण हे रसायन प्रथिनांना बांधतं, साखरा बऱ्याचशा तशाच राहतात. जीसी राहते. तिच्या जोडीला अल्फा-गॅल नावाची आणखी एक साखर राहते, तीही माणसाकडे नाही.

२०२२ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये एक मोठा अभ्यास आला. त्यात १६६८ रुग्ण आणि त्यांच्या रक्ताचे ४९९८ नमुने होते. जनावराची झडप बसवल्यावर महिन्याभरात या दोन्ही साखरांविरुद्धच्या अँटिबॉडीज वाढलेल्या दिसल्या, पुढे उतरल्या. कॅल्शियम साचून खराब झालेल्या, बाहेर काढलेल्या जनावरांच्या झडपांत जीसी आणि तिला चिकटलेल्या अँटिबॉडीज सापडल्या. माणसाच्या स्वतःच्या, कॅल्शियम साचलेल्या झडपांपेक्षा हे प्रमाण खूप जास्त होतं. उंदरांवरच्या प्रयोगात, ज्या ऊतीत या दोन्ही साखरा मुळातच नव्हत्या, तिच्यावर या अँटिबॉडीज कॅल्शियम चढवू शकल्या नाहीत.

मामांना मी एवढंच म्हटलं, "ठेवून घेईल, पण विसरणार नाही. हळूहळू त्याच्यावर चुना चढवत राहील. तोवर ती झडप तुमचं काम करत राहील."

यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. हिंदूला गाईची झडप नको वाटते, मुसलमानाला डुकराची नको वाटते. शरीराला दोन्हींत एकच गोष्ट खटकते, आणि ती तीच साखर आहे. त्याला गाय पवित्र आहे हे माहीत नाही, डुक्कर निषिद्ध आहे हेही माहीत नाही. आपल्या आतल्या राखणदाराला आपला धर्म कुणी शिकवलेलाच नाही.

०००

इथे थांबून एका सवयीबद्दल बोलायला हवं. 'शरीरसुद्धा परक्याला हाकलून देतं, मग समाजाने का देऊ नये', असे मेसेज तुमच्याही ग्रुपवर येत असतील. वाक्य ऐकायला निसर्गनियमासारखं वाटतं. पण शरीर खरोखर काय करतं, ते पाहा. आतड्यात ते अब्जावधी परके जंतू पोसतं. आईच्या पोटात निम्मं बापाचं असलेलं मूल नऊ महिने वाढतं. उलट, घशात एका जातीच्या जंतूचा संसर्ग झाला की त्याच्या अंगावरच्या साखरा आणि प्रथिनं हृदयातल्या काही प्रथिनांसारखी दिसतात, म्हणून शरीर कधीकधी स्वतःच्याच झडपांवर तुटून पडतं. ऱ्हुमॅटिक हृदयरोग तो हाच. त्यात आपल्या देशात तरुण पोरंपोरी गेली आहेत. शरीर परक्याला घरात घेतं, घरच्याला मारतं आणि हरवलेल्या पूर्वजाला ओळखत नाही. ज्याला स्वतःचीच ओळख इतकी कच्ची आहे, त्याच्याकडून गाव कसं चालवायचं, हे शिकायचं?

गाव कसं चालायचं, याचा पुरावा हवा असेल तर शिवनेरीच्या पोटातली लेणी आहेत. तिथल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखांत यवन दात्यांची नावं आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. परदेशी माणसं या मुलखात आली आणि त्यांनी तहान-भुकेची सोय करून ठेवली. ती टाकी आज कुणाला परकी वाटत नाहीत. शरीराच्या मताने परकं ठरणं आणि माणसाच्या मताने परकं ठरणं, हे दोन वेगळे निवाडे आहेत. पहिला आपल्या हातात नाही. दुसरा आहे.

०००

मामांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "आळ्याला जाऊन आलो."

जुन्नर तालुक्यातलं आळे तुम्हाला आळेफाट्यामुळे माहीत असेल. तिथे रेड्याची समाधी आहे. ज्ञानोबांनी पैठणला ज्या रेड्याच्या तोंडून वेद वदवले, तो पुढे त्यांच्याबरोबर चालत आला आणि आळ्याला त्याने देह ठेवला, अशी श्रद्धा आहे.

मामा म्हणाले, "रेड्याच्या तोंडून वेद आले, तेव्हा रेडा बाटला नाही आन् वेदही बाटले नाहीत. मंग माझ्या छातीत बैल आला तर कोण बाटतंय? बसवा ती."

मामेभावाचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला. पण तेवढ्यावर मामांचं संपलं नव्हतं. म्हणाले, "फरक एवढाच, की त्या रेड्याला समाधी मिळाली. ह्याला काय मिळालं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. या प्रश्नाच्या पुढे विज्ञान कुठल्या बाजूला चाललंय, ते मात्र सांगता येतं. ज्या जनावरांत जीसी आणि अल्फा-गॅल नसतील, अशी जनावरं जनुकं बदलून तयार करता येतात. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला एका माणसाला डुकराचं आख्खं हृदय बसवलं. त्या डुकरात दहा जनुकीय बदल केलेले होते आणि तीन साखरा बंद केलेल्या होत्या. तो रुग्ण दोन महिने जगला. जीसी बनवणारं जे जनुक आपल्यात लाखो वर्षांपूर्वी आपोआप मोडलं, तेच या डुकरांत आपण मुद्दाम मोडतो. आपला राखणदार बदलत नाही, म्हणून आपली जुनी जखम आपण त्या जनावराला देतो आणि मग म्हणतो, आता हे आपल्यासारखं झालं. यातून झडपा जास्त टिकतील, तरुण रुग्णांचं दुसरं ऑपरेशन टळेल. मला ते हवं आहे. तरी त्याला नुसती प्रगती म्हणून मोकळं व्हायला जीभ वळत नाही.

आपल्याकडे यासाठी एक जुना शब्द आहे, ऋण. कर्ज फेडता येतं. ऋण मान्य करावं लागतं, ते फिटेलच असं नाही. आणि मान्य करायचं तर आधी माहीत असावं लागतं. मामांना न सांगता झडप बसवली असती, तर त्यांचा जीव तितकाच वाचला असता. पण ज्याने वाचवला त्याच्याशी त्यांचं नातंच जुळलं नसतं. सांगण्याचा आग्रह मी धरला तो हक्काच्या भाषेत. सांगितल्यावर दिसलं की हक्काच्या पलीकडेही त्यात काहीतरी होतं. माहिती दडवून आपण माणसाला फक्त निर्णयापासून लांब ठेवत नाही, कृतज्ञ होण्याच्या संधीपासूनही ठेवतो.

तुमच्या घरात कधी असा प्रसंग आला, तर डॉक्टरांना सरळ विचारा की झडप कशाची आहे. आणि जे कळेल, ते ज्याच्या छातीत ती जाणार त्याला सांगा. तो नाही म्हणेल, हा धोका खरा आहे. नाही म्हणायचा त्याला अधिकार आहे, हेही तितकंच खरं आहे.

मामा बरे आहेत. आता चढाला थांबावं लागत नाही. झडप बसवलेल्याला एक कार्ड मिळतं, त्यावर कंपनीचं नाव, झडपेचा आकार आणि नंबर असतो. मामांनी माझ्याकडून ते वाचून घेतलं आणि विचारलं, "गाय का बैल?" कार्डावर ते लिहिलेलं नव्हतं. त्यांनी कार्ड परत घेतलं, पंचांगात ठेवलं आणि म्हणाले, "बैलच धरू. आपल्याकडं बैलाचंच देणं जास्त आहे."